पाठमोरी

सकाळपासून चौथ्यांदा लघवीला जाऊन आले.
धक्क्यावरच्या निळ्या पत्र्याच्या खोलीबाहेर
आणखी दोघी उभ्या होत्या,
एक क्लाक्सविकच्या नावेतली, एक वागुरची.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
तिघीही आपापल्या बुटांच्या नाड्या बघत राहिलो,
जणू त्याच सुटणार होत्या.

अख्खं फॅरो आज तोर्सहाव्नच्या बंदरात लोटलंय.
लोकरीचे सदरे, चांदीची बटणं, खांद्यांवर पोरं,
आणि वर बारीक, न ठरवलेला पाऊस.

मी सॅमन कापते. कारखान्यात, आठ तास, उभ्याने.
सुरीला हे हात कधी घाबरले नाहीत.
आज त्यांना पाण्याची बाटली उघडेना.

गेल्या वर्षी, शेवटच्या दीडशे मीटरांत
माझं वल्हं पाण्यात अडकलं
आणि दांडा उलटा फिरून छातीवर बसला.
तीन हात हुकले. तीनच.
आम्ही चौथ्या आलो.
गावात कुणी काही बोललं नाही.
चारशे माणसं, आणि चारशेही काही बोलली नाहीत.
दुकानात यास्पुरने पाव देताना
जरा जास्तच हसून विचारलं, हवा काय म्हणतेय?
शिवी दिली असती तर घरी जाऊन झोपले असते.

वल्हवणारीला पुढचं दिसत नाही.
जिथं पोचायचं, त्याला पाठ करून बसायचं.
समोर असतो मागे पडलेला समुद्र
आणि आपल्याच वल्ह्यांनी पाडलेले खळगे,
एकेक करत मिटणारे.
वर्षभर मी त्यातला एकच बघतेय.

पुढचं दिसतं ते फक्त हान्सिनाला.
एकसष्ट वर्षांची, सुकाणूवर, तोंडात खडीसाखर.
परवा रात्री तिच्या दारात जाऊन म्हटलं,
माझ्या जागी मार्युनला घे.
अठरा वर्षांची आहे, खांदे आहेत,
आणि तिच्या डोक्यात गेलं वर्ष नाही.
हान्सिना बटाटे सोलत होती.
म्हणाली, तुझ्या जागेवर तिचे पाय पोचत नाहीत.

बस्स.
माझ्या बाजूने बोलण्यासारखं
तिच्याकडे एवढंच होतं, माझ्या पायांची लांबी.
मग एक बटाटा आणि सुरी माझ्यापुढे सरकवली.
सोलला. आणखी दोन सोलले.
परतताना रात्रीचे अकरा वाजलेले, तरी उजेड होता,
उतारावरच्या मेंढ्यासुद्धा जाग्या.

मुलगा म्हणतो, आई, श्वास मोज.
चार आत घे, सहा बाहेर सोड.
आतले चार जमतात.
बाहेरच्या सहांत तिसऱ्यालाच
ते वल्हं येऊन बसतं.

आता नाव रेषेवर.
तेर्ना तिचं नाव, पाण्यावर सूर मारणाऱ्या पक्ष्याचं;
आम्ही सहा जणी आणि हान्सिना मिळून
तिला जड करून बसलोय.
माझ्या पुढच्या फळीवर सुन्वा.
सुन्वाला कशाचंच काही वाटत नाही,
असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे.
आणि सुन्वाच्या मानेवर, केसांच्या खाली,
लाल चट्टे.

ओळखते मी ते.
शाळेत फळ्यापाशी उभं केलं की उठायचे.
मला वाटलं होतं, ती ते तिथंच ठेवून आली.

पुढे वाकून हळूच म्हटलं,
सकाळी मला बाटली उघडता आली नाही.
तिने मान वळवली नाही.
म्हणाली, माझी अजून तशीच आहे.
मागून कुणीतरी फिसकन हसलं,
नाव डुगडुगली,
आणि हान्सिना ओरडली, तोंडं मिटा, भवान्यांनो.

पोटातला गोळा आहे तिथंच आहे.
तोही बसलाय आमच्यात, आठवा, न वल्हवणारा.
बसू दे.
त्याचं वजन धरूनच सराव केलाय आम्ही.

झेंडा वर गेला.
मी पाय फळीला रेटून बघितले.
पोचतात.